आत राहिलेली माणसं

आमचे घरमालक पंचनदराव रोज संध्याकाळी टीव्हीवर कुणाला तरी हालहाल होऊन मरताना बघतात, आणि मग तो मेलेला माणूस जिवंत कुठे आहे ते मला शोधायला लावतात.

हे मी साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सुजाता, तू दुसरी खोली बघ." त्याला दोन वर्षं होत आली. मी अजून दुसरी खोली बघतेच आहे.

बँकेनं बदली करून मला तंजावूरला पाठवलं तेव्हा शाखेतल्या लोकांनी मोठ्या प्रेमानं सांगितलं, की राजवाड्यामागच्या गल्लीत तुमची मराठी माणसं राहतात, तिथंच खोली घ्या, घरच्यासारखं वाटेल. मी भाबडेपणानं गेले. दारात उंच, सडपातळ, पांढरी वेष्टी नेसलेले, खांद्यावर पंचा टाकलेले एक गृहस्थ उभे होते. मी म्हटलं, "नमस्कार काका, खोली बघायला आले."

"काका नको, मामा म्हण," ते म्हणाले. "मराठी तुझं बरं अहे. पण तुमच्याकडं एकंदर फार बिघडवून ठेवलेत."

पंचनदराव हे नाव जवळच्या तिरुवैयारूच्या देवावरून ठेवलेलं. त्यांच्या घराण्यानं कित्येक पिढ्यांत महाराष्ट्र पाहिलेला नाही, आणि पाहण्याची त्यांना गरजही वाटत नाही. खरं मराठी इथं राहिलं आणि उरलेलं तुमच्याकडं गेलं, असं त्यांचं मत आहे. मी "सिनेमा पाहिला" म्हटलं की ते लगेच हटकतात. ते स्वतः "मी सिनेमा पाहिलों" म्हणतात. "मी पाहिला म्हणजे काय? काम झालं, पण कोण केलं पत्ता नाही. अंग चोरणारं मराठी अहे हे. मी पाहिलों म्हणजे मी पाहिलों." यावर बोलण्यात अर्थ नसतो. मी एकदा बोलून बघितलं, तर कॉफी निवेपर्यंत व्याकरण चाललं.

त्यांना मराठी लिहिता मात्र येत नाही. म्हणजे देवनागरी येत नाही. ते मराठी लिहितात तमिळ अक्षरांत, आणि मला तमिळ अक्षरं येत नाहीत. कामाच्या वेळी फोन करणं असभ्य, म्हणून ते मला बँकेत निरोप धाडतात ते असे. सुरुवातीला मी ते आमच्या शिपायाकडून, सेल्वमकडून, वाचून घेत असे. सेल्वमला मराठीचा गंध नाही. तो दिसतील ती अक्षरं खड्या आवाजात वाचतो. तमिळ लिपीत क आणि ग एकच, प आणि ब एकच. तेव्हा भर गर्दीच्या वेळी काउंटरपाशी उभा राहून सेल्वमनं वाचलं, "पोरी, पर्फात मेलेला कडी साबडला का?"

रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या मराठी बाईंनी ते बरोबर लावलं. बर्फात मेलेला गडी सापडला का. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी त्यांचं पासबुक आधी भरून दिलं.

आता हा बर्फात मेलेला गडी कोण, ते सांगायला हवं.

मामा गणिताचे मास्तर. नोकरीची सगळी वर्षं एकाच शाळेत गेली. तंजावूरच्या रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालणं ही शिक्षा आहे. बसचा ड्रायव्हर, शहाळीवाला, दवाखान्यातला डॉक्टर, सगळे त्यांचे विद्यार्थी. नाव त्यांना एकाचंही आठवत नाही. पण चेहरा विसरत नाहीत. पोट सुटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला भर रस्त्यात थांबवून ते म्हणतात, "तू खिडकीपाशी बसायचास. भागाकार चुकायचा." आणि तो माणूस खाली मान घालतो.

बायको गेल्यावर मुलानं, श्रीधरनं, सिंगापूरहून येऊन भिंतभर टीव्ही बसवून दिला आणि स्वतःच्याच खात्यावर सगळं चालू करून दिलं. अप्पांना सोबत होईल, हा हेतू. मामांनी आधी एक युद्धपट लावला, कारण त्यांना वाटलं त्यात विमानं असतील. तो संपल्यावर टीव्हीनं तशाच दुसऱ्याचं चित्र पुढं केलं. दुसरा संपला, तिसरा. प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा जास्त भयंकर. मला कुणी असं विचारलं तर मी नको म्हणेन. मामांच्या भाषेत वाढूनलाला म्हणजे वाढतो आहे. ते म्हणाले, "तो एवढं आग्रहानं वाढूनलाला. पानात टाकायचं कसं?"

अशा रीतीनं केळीच्या पानावर वाढत वाढत टीव्हीनं त्यांना एका सिनेमापाशी आणून सोडलं. महायुद्धात कुठल्याशा थंड मुलखात एक लष्करी दवाखाना. तिथं डॉक्टर कैद्यांवर प्रयोग करतात. माणसांना उघड्या हातांनी बर्फात उभं करायचं आणि हात निकामी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. असलं घडलेलं आहे, आणि कुणी तरी त्याचे सिनेमे काढतं, तेही बारकाव्यानिशी. कुठलाही शहाणा माणूस ते बंद करून फिरायला जाईल. मामा शेवटपर्यंत बसले.

"उठलात का नाही?" मी नंतर विचारलं.

"ते उभे होते की," मामा म्हणाले.

दोन दिवस त्यांना अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वर माझ्या खोलीत केस पुसत होते तर जिन्यावर पावलं वाजली. गुडघ्यांमुळं मामा जिना कधी चढत नाहीत. दारात येऊन दम घेत म्हणाले, "पोरी, वाचला तो."

मला वाटलं कुणी ओळखीचं दवाखान्यात असेल. मी म्हटलं, "देव पावला, मामा."

हे तीन शब्द मला फार महागात पडले. झालं होतं असं, की टीव्हीनं चुकून एक हलकाफुलका सिनेमा वाढला होता आणि त्यात बर्फात मेलेल्यांपैकी एक गडी शेवयांचं दुकान चालवत होता. दोन्ही हात शाबूत. मुलीला मागणीही घालत होता. मामांनी त्या दिवशी तिरुवैयारूहून अशोका मागवला. अशोका म्हणजे तिथला मुगाचा, तुपानं थबथबलेला हलवा. मला वाटीभर दिला. मी खाल्ला. तेव्हापासून मी त्यांची भागीदार झाले, आणि बर्फातल्या दुसऱ्या गड्याविषयी बँकेत निरोप यायला लागले.

नियम असा ठरला. सिनेमात जो मरेल, तो दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमात जिवंत सापडल्याशिवाय मामा पुढचा सिनेमा लावत नाहीत. सापडवायचं कुणी? मी. संध्याकाळी बँकेतून दमून आले, पाय धुतले, की जिन्याखालून हाक येते, "पोरी, काय करूनलालीस?" म्हणजे काय करते आहेस. मी काहीही करत असले तरी उत्तराला महत्त्व नसतं. "खाली ये. एक बाई आत राहिली."

आत राहिली, हा त्यांचा शब्द. मेली म्हणत नाहीत. आत राहिली, म्हणजे तिला बाहेर काढायची.

मग मी फोन घेऊन बसते. सिनेमा पोलिश नाही तर जपानी, नाही तर आणखी कुठला. शेवटी जी नावं सरकत जातात ती मला वाचता येत नाहीत. मुख्य नट असेल तर सोपं जातं. पण मामांचा जीव मुख्य नटांवर नसतो. "त्याचं काय, त्याच्यावर दिवा मारलेला अहे, त्यास सगळे बघतात. ती मागं, पिपाजवळ. लेकरू घेतलेली." पिपाजवळची लेकरू घेतलेली बाई पडद्यावर एक श्वासभर दिसते. तिचं नाव त्या सिनेमा काढणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. मी हजार फोटो चाळते. मागून मामा वाकून बघत असतात. त्यांच्या पंच्याला विभूतीचा आणि कॉफीचा वास येतो, आणि माझ्या कपाळाची शीर उडत असते.

एकदा मी फसवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी बँकेत तपासणी होती आणि मला झोप हवी होती. साधारण तशाच तोंडवळ्याची एक बाई केकच्या जाहिरातीत दिसली. मी म्हटलं, "ही बघा मामा, मस्त आहे. केक खाते आहे."

मामांनी चष्मा पुसला, बघितलं, आणि मला भर वर्गात उभं करावं तशा आवाजात म्हणाले, "कान वेगळा अहे."

मी निमूटपणे पुन्हा शोधायला बसले. खरी बाई पुढच्या आठवड्यात सापडली. कुठल्याशा मालिकेत ती पोस्टात शिक्के मारत होती आणि सगळ्यांवर खेकसत होती. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी ते खेकसणं चार वेळा लावलं. "बघ, कशी भांडते. तब्येत सुधारली."

हे सगळं मला निमूट सोसता आलं असतं, पण आवाजाचं काय करायचं? मामांना कमी ऐकू येतं. एकदा संध्याकाळी वर माझ्या खोलीत विभागीय कार्यालयाची बैठक व्हिडिओवर चालू होती. मोठे साहेब थकलेल्या कर्जांविषयी बोलत होते. तेवढ्यात खालून एक बाई जर्मन भाषेत जिवाच्या आकांतानं ओरडली. साहेब थांबले. सगळ्या शाखा थांबल्या. साहेब म्हणाले, "मॅडम, वसुली जरा सौम्यपणे करा." ते वाक्य अजून आमच्या विभागात फिरतं आहे.

मी खाली जाऊन तणतणले. "मामा, एवढी मोठी दुनिया पडली आहे. गाण्यांचे सिनेमे बघा. कुटुंबाचे बघा. प्राण्यांचे असतात, ते बघा."

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गाण्याच्या सिनेमातली माणसं सुखरूप असतात की," ते म्हणाले. "तेथं माझं काय काम?"

पुढं एक दिवस श्रीधरचा सिंगापूरहून फोन आला. फार सभ्य मुलगा. आधी हवापाणी विचारलं, मग चाचरत म्हणाला, "अक्का, अप्पा नक्की काय बघतात?" खातं एकच असल्यामुळं वडिलांचं पान लेकालाही वाढलं जात होतं. त्याची धाकटी मुलगी सशाचं कार्टून लावायला गेली की शेजारी काटेरी तारांचं कुंपण दिसायचं आणि वर लिहिलेलं असायचं, हे तुम्हाला आवडेल. त्याच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला होता. तो म्हणाला, "तुम्ही तेवढं लॉक घालून द्याल का? मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल."

मला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. उलट पेढे वाटावेसे वाटले. मामा देवळात गेलेले बघून मी टीव्हीला लॉक घातलं आणि वर जाऊन, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, संध्याकाळी कादंबरी उघडली.

खालून आवाज आला नाही. हाक आली नाही. मी पन्नास पानं वाचली. मग उठले. जिन्यातून वाकून बघितलं, तर मामा बंद टीव्हीपुढं वेताच्या खुर्चीत बसलेले, आणि शेजारी संध्याकाळच्या इडल्या तशाच.

"रुसला तो," मामा म्हणाले. "नंबर विचारतो. कोणता नंबर? मी माझा पेन्शनचा घालून बघितलों. नको म्हणाला."

"असू दे मामा. आज सुट्टी घ्या."

"सुट्टी घेतलों असतों," ते म्हणाले. "पण अर्ध्यात थांबवून देवळास गेलों, तो बंद झाला. डॉक्टर आत्ताच खोलीत आला होता. ती चौघं तेथंच बसून अहेत. पावम."

पावम म्हणजे बिच्चारी. इथं सगळे तमिळमधून हा शब्द वापरतात, मांजर भिजलं तरी वापरतात. पण मामा म्हणतात तेव्हा त्या माणसांना आत्ता, या क्षणी, तिथं थंडी वाजते आहे असं वाटतं. मी पाच मिनिटं कडक राहिले. मग नंबर टाकला, लॉक काढलं, आणि त्या चौघांचं जे व्हायचं ते झालं. श्रीधरला सांगितलं की मुलीसाठी वेगळं खातं काढ. चौघांपैकी तिघं त्या आठवड्यात सापडली. चौथा आमच्या शाखेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सापडला. तो आता एका कॉमेडी कार्यक्रमात जज्ज होता. अशोका आला. माझं वजन वाढलं. आईनं व्हिडिओवर बघून विचारलं, "तिथलं पाणी मानवलं वाटतं?" मी म्हटलं, "पाणी नाही, मेलेली माणसं मानवली."

गल्लीतल्या लोकांचं मामांविषयीचं मत दोन प्रकारचं आहे. निम्मे म्हणतात वय झालं. उरलेले म्हणतात एकटा माणूस, दुसरं काय करणार. मला दोन्ही मतं पटत नसत. वय झालेली माणसं मी बँकेत रोज बघते, ती असली कामं लावत नाहीत. आणि एकटी तर मीही आहे. मी कुणाच्या डोक्याला ताप देते का?

गेल्या महिन्यात एका शनिवारी आमच्या शाखेतर्फे ओरत्तनाडूकडच्या एका गावात शेतकऱ्यांचा मेळावा होता. सकाळी निघाले तेव्हा खालून नेहमीचे आवाज येत होते: बूट, कुत्री, कुणी तरी आकडे मोजतं आहे. दिवसभर मांडवात उभी राहून मी धानाच्या कर्जाचे फायदे मोडक्या तमिळमध्ये सांगितले. येताना गावच्या बसमध्ये एका बाईची कोंबड्यांची टोपली माझ्या मांडीवर होती. दिवेलागणीच्या सुमाराला घरी पोचले, तेव्हा अंगावर धूळ, डोक्यात ठणका, आणि मनात एकच प्रार्थना, की आज आत कुणी राहिलेलं नसो.

घर गप्प होतं. पडवीतला दिवा लागलेला नव्हता. स्वयंपाकाच्या बाई दुपारचं जेवण झाकून ठेवून जातात, ते ताट टेबलावर तसंच झाकलेलं. मामा वेताच्या खुर्चीत, पाठ ताठ, हातात रिमोट.

"आलीस, बरं झालं," ते म्हणाले. "ह्यास शोध."

पडद्यावर एक जुना काळा-पांढरा फोटो होता. विशीतला मुलगा, डोकं भादरलेलं. भिंतीपाशी उभा. अंगात दुसऱ्याच कुणाच्या मापाचा सदरा, पण गळ्याचं बटण नीट लावलेलं. तो सरळ आपल्याकडे बघत होता.

मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. चडफडत सिनेमाचं नाव विचारलं, फोनवर शोधलं, वाचलं. मग पुन्हा वाचलं. सिनेमा संपल्यावर शेवटी काही फोटो दाखवले होते, ते खरे होते. युद्धानंतर तशा एका दवाखान्यातून सापडलेले. माणसांची नावं कुणाला ठाऊक नव्हती.

"मामा," मी म्हटलं, "हा नट नाही."

"हं."

"खरा माणूस आहे. होता. तो कुठल्याच सिनेमात सापडणार नाही."

"मला वाटलंच," मामा म्हणाले. "नट असा बघत नाही. नट कॅमेरा चुकवतात. हा त्या फोटो काढणाऱ्याकडं बघूनलाला."

"मग मला कशाला शोधायला लावलंत?"

"तू शोधून नाही म्हणालीस म्हणजे मग नाही," ते म्हणाले.

मी फोन पर्समध्ये टाकला. तेवढ्यात पडद्यावरचा मुलगा गेला आणि जांभळ्या फुलांचं शेत आलं, मागं बर्फाचे डोंगर, कोपऱ्यात घड्याळ. टीव्ही बराच वेळ थांबवून ठेवला की तो आपल्या आपण अशी निसर्गचित्रं लावतो. मामांनी लगेच बटण दाबलं. मुलगा परत आला.

मला आता कळलं. "सकाळपासून हेच करताय?"

"मधे एकदा आंघोळीस गेलों," मामा म्हणाले. "परत आलों तर फुलं आली होती."

दिवसभराची सगळी धूळ माझ्या डोक्यात गेली. "मामा, तो फोटो आहे. तुम्ही बटण दाबलं काय आणि नाही दाबलं काय, त्याला काय फरक पडतो? तुम्ही जेवला नाहीत, गोळ्या घेतल्या नाहीत. उद्या तुम्हाला चक्कर आली की श्रीधर मला विचारेल. द्या तो रिमोट इकडे." आणि मी हात पुढं केला.

त्यांनी दिला नाही. रागावलेही नाहीत. फक्त रिमोट मांडीवर दुसऱ्या बाजूला घेतला.

"मामीच्या वेळेस," ते म्हणाले.

मामी करोनात गेल्या, एवढं मला गल्लीतून कळलं होतं. मामांच्या तोंडून मी त्यांचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

"आत कोणास सोडत नव्हते. श्रीधरचं विमान बंद. मी बाहेर, झाडाखाली. एक नर्स होती, पोरगीच. ती आपल्या फोनावर मामीस दाखविली. मामी बोलत नव्हती, पण बघूनलाली होती. माझ्याकडं. नर्स म्हणाली, सार, दुसऱ्या पेशंटकडं जायचंय, ठेवू का? मी म्हणालों, ठेव बाळ, तुझं काम बघ."

फुलं आली. मामांनी बटण दाबलं.

"काळं झालं. मग संध्याकाळी निरोप आला." त्यांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. "आणखी थोडं धर, म्हणायला हवं होतं. ती धरली असती. चांगली पोर होती. मी इतकी वर्षं वर्गात पोरांस बस म्हणालों, उठ म्हणालों, थांब म्हणालों. तेव्हा थांब म्हणायचं सुचलं नाही."

बाहेर गल्लीत कुणी तरी मोपेड चालू करत होतं, ती लागत नव्हती. मी तशीच उभी होते. पर्सचा पट्टा खांद्याला रुतत होता.  माझा राग गेला होता असं नाही. तो कुणावर धरायचा तेवढं कळत नव्हतं.

फुलं पुन्हा आली. या वेळी मामांचा हात जरा उशिरा उठला. दिवसभर बसून बोटं आखडली असावीत. मी वाकून त्यांच्या मांडीवरचा रिमोट घेतला आणि बटण दाबलं. मुलगा परत आला. सदऱ्याचं बटण लावलेला, बघणारा.

"उठा," मी म्हटलं. "जेवून घ्या. मी बसते."

"तू दमलीस."

"दमलेच आहे. उठा लवकर, नाहीतर मी विचार बदलेन."

"तुला कंटाळा येईल."

"येईलच. तुमच्या घरी दुसरं काय येतं?"

मामा गुडघ्यावर हात ठेवून उठले. पहिल्या झटक्यात जमलं नाही, दुसऱ्यात जमलं. पडवीतला दिवा लावला, पाय धुतले, आत गेले. ताटावरचं झाकण वाजलं, मग ताकाच्या भांड्यावरचं. मी वेताच्या खुर्चीत बसले. ती त्यांच्या अंगानं गरम झालेली होती. एवढा वेळ एखाद्याच्या तोंडाकडे मी आयुष्यात बघितलं नव्हतं. त्याची एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर होती. मी फुलं यायच्या आधीच बटण दाबत राहिले.

आतून हाक आली.

"पोरी, अहे ना तो?"

"आहे, मामा," मी म्हटलं. "तुम्ही सावकाश जेवा."